बहुधा

आमच्या संग्रहालयाच्या पहिल्या दालनात एक तलवार आहे. तिच्याखालच्या चिठ्ठीवर फार सुंदर अक्षरात लिहिलंय, 'तलवार. लोखंड, मुठीवर पितळ. बहुधा लग्नात नवरदेवाच्या हाती देण्याची.' ज्या विश्वस्तांनी ती दिली, त्यांच्या मते ती त्यांच्या खापरपणजोबांनी लढाईत गाजवलेली होती. चिठ्ठी करण्याआधी आमचे भांडारपाल विधाते यांनी त्यांना एवढंच विचारलं होतं, "कशावरून?"

"आमच्या घरात सगळे तसंच सांगतात," विश्वस्त म्हणाले.

"ते सगळे लढाईला होते का?"

विश्वस्त रागावून गेले, चार दिवसांनी परत आले, कार्यवाहांकडे तक्रार करून गेले. चिठ्ठी मात्र बदलली नाही. विधात्यांनी तलवारीची धार सगळ्यांना दाखवली. ती कधी लावलेलीच नव्हती.

वसंत रामभाऊ विधाते यांचा असा कशावरही विश्वास नव्हता. 'बहुधा' हा त्यांचा लाडका शब्द. आमच्या निम्म्या वस्तू त्यांच्यामुळे बहुधा झाल्या होत्या. बहुधा यादवकालीन, बहुधा पेशवाईतली, बहुधा दिवा. एका मातीच्या भांड्याखाली तर 'बहुधा भांडे' असं होतं. शाळेच्या सहली आल्या की पोरं ते मोठ्यानं वाचून हसायची, आणि विधाते दाराआडून गंभीरपणे ऐकत उभे असायचे.

मी तिथे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नोंदणी लिपिक म्हणून लागले. संग्रहालयात आलेली प्रत्येक वस्तू नोंदवहीत चढवायची, तिला क्रमांक द्यायचा, हे माझं काम. आता माझ्याविषयी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. माझे वडील जकात नाक्यावर होते. ट्रकवाला कांदे म्हणाला की ते आधी पोतं हुंगायचे. घरात दूध आलं तरी हुंगायचे. तो गुण माझ्या अंगात पुरेपूर उतरला. माणूस फार गोड बोलला की मला वाटतं याचं काहीतरी आहे, आणि मुळीच बोलला नाही तर खात्रीच पटते. विधाते न बोलणाऱ्यांतले होते.

मखमलाबादकडे त्यांच्या भावांचा फुलांचा मळा होता. हे मात्र मळा सोडून शहरात, भांडी बाजारातल्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचे. मूर्ती लहान, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात दोन पेनं. काळं लिहायला, लाल खाडाखोडीला. खाडाखोड केली की तिच्या शेजारी सही आणि तारीख, हा नियम आमच्याकडे सगळ्यांना होता, पाळायचे एकटे विधाते. स्वतःच्या सुट्टीच्या अर्जातही काना चुकला तर त्यावर सही करायचे. वस्तूला उघडा हात लावायचा नाही हा दुसरा नियम. हातमोजे मागितले तर मंजूर होईनात, म्हणून ते शाळेतल्या मुलांचे पांढरे पायमोजे हातात घालायचे. पायमोजे घातलेल्या हातांनी शाळिग्राम उचलणारा हा माणूस मला पहिल्या दिवशी दिसला, तेव्हा हसू आवरायला मी नोंदवही तोंडासमोर धरली होती.

"हसा," ते म्हणाले. "पण घामाचा डाग पडला तर तो तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात चढवणार?"

त्यांच्या भांडारात बारा कपाटं होती. अकरा नंबरचं सोडून सगळ्यांच्या किल्ल्या खिळ्याला. अकराची किल्ली त्यांच्या जानव्याला असती तर मी समजू शकले असते, पण जानवं नव्हतं, ती त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असायची. आणि रोज हातात एक खाकी कापडी पिशवी. सकाळी येताना भरलेली, जाताना चपटी. मला वाटायचं, दाखवायला चपटी. एकदा विचारलं, अकरात काय आहे. म्हणाले, "वर्गवारी व्हायची आहे." सहा महिन्यांनी विचारलं, तेच उत्तर.

मग मी ठरवलं की भांडाराची मोजणी करायची. विधाते रजेवर असताना तीन दिवस मी नाणी मोजली, समया मोजल्या, अडकित्ते मोजले. सगळं वहीप्रमाणे बरोबर. उलट बाहेर टेबलावर चिंधीत बांधलेली एक पितळी पाटी मिळाली, जी वहीत नव्हतीच. दारावर लावायची पाटी, तिच्यावर दोन बायकांची नावं, आडनावं वेगवेगळी, खाली 'शिक्षिका, निफाड'. विधाते रजेवरून आले त्याच दिवशी ती पाटी टेबलावरून गेली. ती अकरात गेली हे सांगायला ज्योतिषी नको होता. वस्तू कमी होत नव्हत्या, वाढत होत्या. चोर वस्तू नेतो, हा माणूस आणत होता. कुठून तरी चोरीचा माल येतो, आमच्या कपाटात दबा धरून बसतो आणि पुढे कुठे तरी जातो, असं मी मनाशी पक्कं केलं. जकात नाक्यावर असंच चालायचं.

याच सुमारास मला बागूल सर भेटले. शरद बागूल. मूळचे नांदगावचे, जिल्हा परिषदेच्या शाळांत चित्रकला शिकवायचे. सिन्नर, निफाड, नांदगाव अशा बदल्या झाल्या, पण खोली नाशिकलाच, एसटीनं जाऊन येऊन. उंच, थोडे वाकलेले, बोटांना कायम शाई. संग्रहालयाच्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्या अक्षरात होत्या हे मला त्या दिवशी कळलं. विधाते सांगायचे, बागूल सर घरी बसून लिहायचे. एक पैसा न घेता कोणी एवढं का करील, हा प्रश्न मला लगेच पडला. पायमोजेही तेच शाळेजवळच्या दुकानातून आणून द्यायचे.

"विधाते माझे आतेभाऊ," ते मला म्हणाले आणि चिठ्ठ्यांचं पाकीट पुढे केलं.

आठवड्याभरानं कोणी तरी विचारलं तेव्हा विधातेही म्हणाले, "शरद? आमचे आतेभाऊ."

माझे कान टवकारले. बागूल विधात्यांचे आतेभाऊ असतील, तर विधाते बागुलांचे मामेभाऊ लागतात. दोघंही एकमेकांचे आतेभाऊ कसे? आपल्याकडे नात्याचा हिशेब शेंबडं पोरही चुकवत नाही. मी विधात्यांना तिथेच अडवलं. मी त्यांना अडखळलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"साटंलोटं होतं," ते म्हणाले. "माझी आत्या त्यांच्यात दिली, त्यांची आत्या आमच्यात."

उत्तर चोख होतं. साट्यालोट्यात दोघं एकमेकांचे आतेभाऊ होतात, हे खरं. पण मला ते फार चोख वाटलं. आमच्या कोपऱ्यावर मखमलाबादच्या सखूबाई झेंडू, शेवंती घेऊन बसायच्या. त्यांचं शेत विधात्यांच्या मळ्याला लागून. मी शेवंती घेता घेता विषय काढला.

"विधात्याच्या रामभाऊला भईन?" त्या पुडी बांधत म्हणाल्या. "नाय ओ ताई. पाच भाऊ व्हते, पोरगी येक नाय. लय नवस केले म्हातारीनं. आन बागूल कोन? त्यांच्यात आमच्यात सोयरीक व्हत नाय कदी."

झालं. आत्या नाही, सोयरीक नाही, जातही एक नाही. म्हणजे आतेभाऊ खोटा. आणि नातं खोटं सांगणारी दोन माणसं एका कुलूपबंद कपाटाभोवती फिरतात, तर त्याचा अर्थ काय? मला एकच अर्थ दिसला. दुसरा अर्थ माझ्या डोक्यात आलाच नाही. दोन पुरुष वीस-बावीस वर्षं त्याच दोन खोल्यांत राहतात, एकाच्या डब्यात दुसऱ्याच्या हातची मेथीची भाजी असते, एकाला ताप आला की दुसरा रजा टाकतो, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी जगातल्या सगळ्या गोष्टींचा संशय घेतला, फक्त जे होतं त्याचा घेतला नाही. आज त्याचं हसू येत नाही.

मी कार्यवाहांना पत्र लिहिलं. सही केली, 'एक हितचिंतक'. अक्षर मुद्दाम उजवीकडे झुकवलं. 'कपाट क्र. ११ मधील वस्तूंची नोंद नाही, त्या बाहेरून येतात, चौकशी व्हावी.'

कार्यवाह पेशानं वकील होते. त्यांनी मला, शिपायाला आणि विधात्यांना भांडारात बोलावलं आणि किल्ली मागितली. विधात्यांनी कोणी तक्रार केली हे विचारलं नाही. आधी हातांत पायमोजे घातले, मग कुलूप काढलं.

आत चोरीचा माल नव्हता. नाडीनं बांधलेले कागदाचे पुडके होते, प्रत्येकाला चिठ्ठी. ती पितळी पाटी होती. 'निफाड येथील दोन शिक्षिकांच्या घराची पाटी. बहुधा आयुष्यभराची.' एक केसांचं गंगावन होतं, सिन्नरकडच्या गावात जत्रेला बाईचं सोंग घेणाऱ्या आणि सोंग उतरल्यावरही बाईसारखंच राहू पाहणाऱ्या एका माणसाचं. सोबत त्याचा फोटो. पोस्टकार्डांचा गठ्ठा होता, वर्तमानपत्रातली कात्रणं होती, स्टुडिओत खुर्चीमागे उभं राहून काढलेले जोडीजोडीचे फोटो होते. बदलीच्या गावी बागूल सरांना अशी माणसं भेटत. त्यांच्यातली काही म्हातारी झाली की, घरातल्यांनी चुलीत घालायच्या आधी, आपली एखादी वस्तू सरांच्या पिशवीत टाकत. एवढं सगळं विधात्यांनी चार वाक्यांत सांगितलं.

कार्यवाहांनी एक फोटो उचलला आणि लगेच ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते.

"विधाते, हे काय आहे?"

"वस्तू."

"कसल्या?"

"आपल्या जिल्ह्यातल्या माणसांच्या."

"कलम तीनशे सत्त्याहत्तर माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. त्यात फोटो ठेवल्याची शिक्षा आहे का, साहेब? असली तर दाखवा."

वकिलालाच 'कशावरून' विचारलं होतं. कार्यवाहांनी कपाटाचं दार अर्धं लोटलं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "घरी का ठेवत नाही?" त्यांनी विचारलं.

"घरात आमच्यामागं कोण बघणार?" विधाते म्हणाले. "इथं कुलूप आहे, वाळवीचं औषध आहे, आणि कुणाचे पुतणे येत नाहीत. नोंदवहीत एकदा क्रमांक पडला की ती वस्तू कुणाच्या बापाला बाहेर काढता येत नाही. माझी एवढीच विनंती आहे. क्रमांक द्या. दालनात लावू नका."

ते बोलताना माझ्याकडे बघत होते. वही माझ्या हातात होती. मी म्हणाले असते की साहेब, 'कागदपत्र, किरकोळ' या सदरात चढवता येईल, तर कार्यवाह बहुधा हो म्हणाले असते. बहुधा. मी वही छातीशी धरून उभी राहिले.

आठ दिवसांत सगळं घरी न्या, असा हुकूम झाला. खाकी पिशवीतून, चार खेपांत, त्यांनी ते नेलं. त्याच पत्राचा आणखी एक परिणाम म्हणजे फाटकावर कर्मचाऱ्यांच्या पिशव्या तपासायचा नियम लागला. आठवडाभरात पहारेकरी कंटाळून तो विसरला. विधाते विसरले नाहीत. निवृत्त होईपर्यंत रोज संध्याकाळी फाटकाशी थांबून ते पिशवी दोन्ही हातांनी उघडी धरायचे आणि म्हणायचे, "बघून घ्या." पहारेकऱ्याला ओशाळल्यासारखं व्हायचं. मला माझ्या खिडकीतून ते रोज दिसायचं. सवयीनं वाईट वाटायचं बंद होईल असं मला वाटलं होतं, ते झालं नाही.

दोन वर्षांनी बागूल सरांच्या पोटात काही तरी निघालं. सरकारी दवाखान्यात वॉर्डात रात्री फक्त नातेवाइकाला बसू देत. विधात्यांनी रेशनकार्ड नेलं. कुटुंबप्रमुख, वसंत रामभाऊ विधाते. खाली दुसरं नाव, शरद बाळकृष्ण बागूल, आणि 'कुटुंबप्रमुखाशी नाते' या रकान्यात पुरवठा कार्यालयातल्या कुणा बाबूच्या अक्षरात, 'आतेभाऊ'. त्या एका शब्दावर त्यांना स्टूल मिळालं. दीड महिना ते कार्ड त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होतं, जिथे पूर्वी अकराची किल्ली असायची.

सर गेले. नांदगावहून पुतणे आले. त्यांच्यापुढे आतेभाऊ चालेना, कारण आपल्या आजोबांच्या बहिणी कोणाला दिल्या हे त्यांना पाठ होतं. "तुम्ही कोण लागता आमच्या काकांचे?" त्यांनी भर खोलीत विचारलं. विधाते स्मशानात मागे उभे राहिले. तेराव्यानंतर पुतणे टेम्पो घेऊन आले आणि काकाचं म्हणून सगळं घेऊन गेले. पलंग, रंगाच्या पेट्या, सायकल, आणि पलंगाखालची पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत अकरा नंबरचं कपाट होतं. पुढे विधाते नांदगावला जाऊन आले. ट्रंक तिथे होती, तिच्यात गहू भरलेले होते. कागदांचं विचारलं तर पुतण्याची बायको म्हणाली, "तसलं घरात ठेवतेत व्हय? बंबात घातलं."

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं. ते एका सोमवारी, संग्रहालयाच्या सुट्टीच्या दिवशी, माझ्या टेबलासमोर येऊन बसले. मी वार्षिक यादी पुरी करायला आले होते. त्यांनी खिशातून रेशनकार्ड काढून टेबलावर ठेवलं. हातात पायमोजे होते.

"पुरवठा कार्यालयात सांगतात, मयताचं नाव कमी करून घ्या," ते म्हणाले. "लाल रेघ मारतात आणि शेजारी साहेब सही करतो. नियम आहे. मला ती रेघ नको आहे. मी रेशन घेणं सोडून दिलंय. आहेरबाई, हे नोंदवून घ्या."

एवढंच उरलं होतं. खिशात होतं म्हणून वाचलं.

मी वही उघडली, पण पेन चालेना. "विधाते," मी म्हणाले, "ते पत्र..."

"ठाऊक आहे. शरदनं ओळखलं होतं. कार्यवाहांच्या टेबलावर मी ते पाहिलं, तसं अक्षर घरी काढून दाखवलं त्याला. तुमचा नोंदवहीतला 'क्र' मोडता मोडत नाही म्हणाला." त्यांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं. "अक्षर चांगलं आहे म्हणाला. बोलू नको त्यांना, घाबरतील."

मी रडले. ऑफिसात रडायची ती माझी एकच वेळ. त्यांनी मला रडू दिलं, धीर वगैरे दिला नाही. मग बोट ठेवून म्हणाले, "महत्त्व हा रकाना विसरू नका."

"काय लिहू?"

"लिहा. नात्याची नोंद खोटी. बाकी सर्व खरे."

तसं मी लिहिलं नाही, लिहिता आलं नसतं. मी नऊ समयांच्या नोंदीनंतर आणि एका पानपुड्याच्या आधी, 'शिधापत्रिका, कागद, नाशिक शहर, दैनंदिन जीवन' एवढं चढवलं आणि क्रमांक टाकला. महिनाअखेरीला कार्यवाहांनी न वाचता पानावर सही केली. माझ्या वहीतली ती पहिली लबाडी, आणि त्या नोकरीत मी केलेलं बहुतेक एकमेव चांगलं काम. विधाते पुढच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी नारळ आणि शाल घेऊन फाटकाशी गेले आणि पिशवी उघडून म्हणाले, "बघून घ्या."

त्यानंतर बरीच वर्षं गेली. दिल्लीच्या उच्च न्यायालयानं त्या कलमाविरुद्ध निकाल दिला, त्या हिवाळ्यात पुण्या-मुंबईची चार-पाच मुलं एक फिरतं प्रदर्शन घेऊन नाशिकला आली. इंग्रजांनी ते कलम कसं आणलं इथपासून मोर्चे, खटले, निकाल इथपर्यंतचा इतिहास, गुंडाळी करून आणलेल्या कापडी फलकांवर. आमचे नवे कार्यवाह म्हणाले, बाजूचं दालन चार दिवस द्या, बाहेर मोठी पाटी नको. मला त्या मुलांचा साहजिकच संशय आला. त्यांना माझा आला. एक साध्या वेशातला हवालदार पहिल्या दिवशी दोन तास तलवारीपाशी उभा होता, त्याला आम्हा सगळ्यांचाच होता.

त्यांच्यातली सायली नावाची मुलगी धीट होती. म्हणाली, "मॅडम, सगळं दिल्ली-मुंबईचं आहे. नाशिकचं काहीच नाही का तुमच्याकडे?"

"कशावरून असेल असं वाटतं तुला?" मी विचारलं, आणि माझ्या तोंडात कोणाचा शब्द आला हे माझ्याच लक्षात आलं.

मी विधात्यांना पत्र टाकलं. उत्तर एका ओळीचं आलं, 'लावा.' मग मी भांडारातून कार्ड काढलं. एक लहान काचपेटी, खाली पांढरं कापड. चिठ्ठी मीच लिहायला बसले. बागूल सरांइतकं नाही, पण सरळ अक्षरात लिहिलं. 'शिधापत्रिका, नाशिक शहर. बहुधा जन्मभर एकमेकांचे असलेल्या दोघांची. नात्याच्या रकान्यात आतेभाऊ अशी नोंद.' तो 'बहुधा' मी का घातला? विधात्यांची रीत म्हणून, असं मी सायलीला सांगितलं. खरं सांगायचं तर हवालदाराला भिऊन घातला.

तिसऱ्या दिवशी दुपारी विधाते आले. सत्तरी ओलांडलेली, सदरा तोच, खिशात दोन पेनं, हातात खाकी पिशवी. तिची शिवण दोनदा घातलेली दिसत होती. ते सरळ काचपेटीकडे गेले नाहीत. आधी सगळे फलक वाचले, एकेक ओळ. मध्येच सायलीला बोलावून विचारलं, "हे कशावरून?" तिनं लगेच वही काढून कुठल्या दफ्तरातला कागद ते दाखवलं. त्यांनी आणखी दोन ठिकाणी अडवलं, तिनं दोन्ही पुरावे दिले. "हं," ते म्हणाले. एवढं कौतुक मी त्यांच्याकडून सगळ्या नोकरीत ऐकलं नव्हतं.

मग ते काचपेटीपाशी आले. कॉलेजातली दोन मुलं तिथे वाकून वाचत होती, ती जाईपर्यंत थांबले. चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

"आहेरबाई, किल्ली."

मी काच उघडली. मला वाटलं, कार्डाला हात लावतील. त्यांनी कार्डाकडे पाहिलं फक्त. चिठ्ठी बाहेर काढली, पेटीच्या कडेवर ठेवली आणि खिशातलं लाल पेन काढलं. हातात पायमोजे नव्हते. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, आणि 'बहुधा' या शब्दावर एक सरळ रेघ मारली.

ते अजून वाकलेलेच होते. रेघेशेजारी त्यांनी सही केली, संपूर्ण, व. रा. विधाते, आणि खाली तारीख घातली.

"खाडाखोडीवर सही लागते," ते म्हणाले, चिठ्ठी परत आत ठेवली, आणि काच लावून घ्या अशी खूण केली.

सायली त्यांना खुर्ची आणायला धावली तोवर ते दाराबाहेर गेले होते. मी माझ्या जुन्या खिडकीपाशी गेले. खाली फाटकाशी ते थांबले होते. पहारेकरी नवा होता, त्याला तो नियम माहीत असायचं कारण नव्हतं. त्यानं दार उघडून हातानं वाट दाखवली. विधाते जागचे हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी उघडून त्याच्यापुढे धरली.

"काय आजोबा?" तो म्हणाला.

"बघून घ्या."

त्यानं वाकून आत पाहिलं, मान हलवली. पिशवीत काही नव्हतं. विधात्यांनी ती नीट चौघडी घालून काखेत धरली आणि भांडी बाजाराच्या दिशेनं चालू लागले.